एकही डाग नाही

नाणे-प्रदर्शनाच्या अर्जात चौदा रकाने होते. त्यांतले तेरा जगदीश वसावेने सुवाच्य अक्षरात भरून ठेवले होते. ‘पृष्ठभागावरील खुणा’ या नवव्या रकान्यापुढे त्याने ‘निरंक’ असे लिहिले, तेव्हा त्याला जे समाधान लाभले ते बावीस वर्षांच्या नोकरीत पाठवलेल्या कोणत्याही निरंक अहवालाने दिले नव्हते. आता फक्त वजनाचा रकाना राहिला होता. वजन ग्रॅममध्ये आणि दोन दशांश स्थळांपर्यंत हवे होते.

“आपल्याकडे बारीक काटा नाही,” तो बायकोला म्हणाला.

“कांदा मोजाना शे,” संध्या म्हणाली. “चाली का?”

“चांदीचं नाणं आहे ते.”

“मंग चांदीवालाकडे जा. रतनशेठ काय मरी गया का?”

संध्याचे माहेर शहाद्याकडच्या सपाटीचे. तिला डोंगरातली भिली समजत नसे, त्यामुळे या घरात सासरच्यांनीच सुनेची अहिराणी उचलली होती. भुरीबाई फुईसुद्धा, म्हणजे जगदीशच्या वडिलांची बहीण, आता बहुधा अहिराणीतच बोले. जगदीश मात्र अक्कलकुव्याच्या एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता आणि मनाला फार लागणारी गोष्ट बोलायची झाली की आपोआप प्रमाण मराठीकडे वळे.

अर्जातला रुपया खरे तर फुईचा होता. तिचा नवरा करमसिंग याच्या आजाने डोंगरातला मध विकून तो मिळवला होता. व्यापाऱ्याने त्या दिवशीच नवी थैली फोडली आणि वरचा पहिला रुपया त्याच्या हातावर ठेवला, असे घरात सांगत. वाटेत कोणाची नजर पडू नये म्हणून आजाने तो तिथल्या तिथे मेणाच्या गोळ्यात दाबला. तीन पिढ्या तो मेणातच राहिला. करमसिंग दर वर्षी भुरीबाईला म्हणे, “होळीले कडी लावी देसू, मधमा घाल.” तिच्या गळ्यात नऊ जुन्या रुपयांचा हार होता आणि दहाव्यासाठी मधली जागा रिकामी सोडलेली होती. कधी मजुरीला गुजरातेत जावे लागले, कधी कोणी आजारी पडले, आणि एका वर्षी करमसिंगच राहिला नाही. मग जगदीशने फुईला डोंगरातून आपल्या घरी आणले. तिने येताना मेणाचा गोळा बरोबर आणला आणि त्याच्या हातात दिला.

“बापू, होळीना पहिले याले कडी लावी लई ये.”

जगदीशने मेण काढले, भिंग लावले आणि तो जागीच बसून राहिला. एकोणीसशे अठरा सालचा तो रुपया काल पाडल्यासारखा होता. नाण्यावरच्या राजाच्या गालावर एक बारीक रेषा दिसली, परंतु सहा महिने अभ्यास करून जगदीशने तिला प्रकाशाचा दोष ठरवून निकाली काढले.

“फुई, नाणं नाण्याला लागलं की डाग पडतो,” त्याने तिला समजावले होते. “टांकसाळीतून निघतानाच नवी नाणी थैलीत एकमेकांवर आपटतात. जन्मतःच डाग. पण हा रुपया बघ. हाऊ कोणलेच लागेल नही.”

“कोणलेच?”

“कोणलेच नही.”

“बिचारा,” फुई म्हणाली.

त्यानंतर रुपया प्लॅस्टिकच्या गोल डबीत गेला आणि डबी लोखंडी कपाटात गेली. पुढची दहा वर्षे फुईने दर होळीला विचारले. जगदीशने दर होळीला उत्तर दिले, “पुढल्या वर्षी बघू.” कार्यालयात हे उत्तर अनेकांना देण्याची त्याला सवय होती आणि त्यात कोणाचा अवमान आहे असे त्याला कधी वाटले नव्हते. यंदा होळी चार दिवसांवर आली तरी फुईने विचारले नाही. तिला नाण्याचे महत्त्व अखेर पटले, असा अर्थ त्याने घेतला.

होळीआधीच्या बाजाराला डोंगरातून जीपगाड्या भरभरून माणसे उतरली होती. रतनलाल शेठच्या चांदीच्या दुकानासमोर बायकांची तीन पदरी रांग होती. या दिवसांत दुकानात येणाऱ्या जुन्या रुपयांना एकच काम असे. वर कडी बसवून घ्यायची आणि होळीला गळ्यात घालून नाचायचे. शेजारी ढोल वाजत होता. बोलून काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती, आणि जगदीशचा तसाही तोंडी व्यवहारावर विश्वास नव्हता. त्याने डबी पाकिटात घातली होती आणि पाकिटाला चिठ्ठी टाचली होती. नाणे ज्या स्थितीत आपण दिले ती स्थिती आधी नोंदवलेली बरी, या विचाराने त्याने लिहिले होते:

‘सदर नाण्यास एकही डाग नाही. तरी कृपया काळजीपूर्वक पाहण्यात यावे व वजन कळवावे, ही विनंती.’

“रतनशेठ, फक्त कडेला धरा!” बायकांच्या डोक्यांवरून पाकीट पुढे करत तो ओरडला.

“हां हां, कडीनंच!” रतनलाल ओरडला. “सांजले लई जा, साहेब!”

संध्याकाळी गर्दी ओसरली होती. सत्तरीच्या रतनलालने चष्मा कपाळावर चढवला आणि लाल कापडाची घडी जगदीशसमोर मोठ्या अदबीने उलगडली.

“साहेब, तुम्हना रुपया पहिले कया. लाईन तोडीसन.”

कापडावर रुपया होता. तो आरशासारखा चमकत होता आणि राजाच्या मुकुटावर, बरोबर मध्यभागी, एक कडी उभी होती.

“हे काय?” जगदीशचा आवाज अगदी हळू निघाला.

“कडी. चोख चांदीनी. वर पीळ बी टाकेल शे, दखा.”

“कडी लावायला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच!” रतनलालने तारेत खोचलेली चिठ्ठी काढून वाचली. “‘सदर नाण्यास एकही डाग नाही.’ मी दखं, खरंच नव्हता. मंग डाग दिना.”

सोनाराच्या दुकानात डाग म्हणजे झाळ, दोन धातूंना एकजीव करणारा सांधा. जगदीशला हा अर्थ माहीत नव्हता असे नाही. लहानपणी गळक्या बादलीला डाग द्यायला बाजारात तोच जात असे. परंतु चिठ्ठी लिहिताना तो लहान नव्हता, आणि बादलीचा विचार त्याच्या मनात आला नव्हता.

“पण पुढे वाचा ना! काळजीपूर्वक पाहण्यात यावे!”

“म्हणीसन तर मी सोता बसनू! कारागीरले हात लावू दिना नही.”

“आणि डबी?”

“ती पिलास्टिकनी? उघडेच नही. कात्रीनी कापी.”

“मग?”

रतनलाल कामाचे वर्णन करायला नेहमीच राजी असे. आधी टाकणखार लावला. मग फुंकणीने जाळ दिला. काळे पडले म्हणून तेजाबात बुडवले, मग रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासले.

“आणि मंग परातमा बाकीना बठ्ठा रुपयासंगे टाकीसन हलावं. त्यानी झळक येस.”

“हलवलं? किती वेळ?”

“एरवी पाच मिनिट. तुम्हना म्हणीसन दहा कया.”

जगदीशने खिशातून भिंग काढले. राजाच्या एका गालावर अकरा खुणा मोजून झाल्यावर त्याने भिंग परत ठेवले. दाढी अजून तपासायची होती, पण त्याची हिंमत झाली नाही.

“वजन?” त्याने सवयीने विचारले.

“बारा पॉइंट चाळीस,” रतनलाल म्हणाला. “कडीसकट.”

या ठिकाणी जगदीश उठून घरी गेला असता तर झाले तेवढेच नुकसान राहिले असते. परंतु चूक झाली की ती तत्काळ दुरुस्त करावी, असे त्याला शिकवलेले होते.

“शेठ, ही कडी काढा.”

“काढू? नवी शे!”

“काढा.”

रतनलालने पुन्हा जाळ दिला. कडी निघाली आणि मुकुटावर वितळलेल्या चांदीचा एक फोड राहिला. जगदीशने तो घासायला सांगितला. कानस फिरली, तशी नाण्याची कड त्या जागी चपटी झाली. कड पुन्हा गोल दिसावी म्हणून जगदीशच्या सूचनेवरून शेजारची थोडी घासली गेली, आणि मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पलीकडचीही. चौथ्या सूचनेला रतनलालने कानस खाली ठेवली.

“साहेब, एक सांगू? डाग काढा तर डाग ऱ्हास. डाग ऱ्हाऊ दिना, तर डाग झाकाई जास.”

हे वाक्य एखाद्या शासन निर्णयात आले असते तर जगदीशने वरिष्ठांकडून स्पष्टीकरण मागवले असते. आज ते त्याला पहिल्याच वाचनात समजले.

“लावा परत,” तो म्हणाला.

कडी पुन्हा बसली. रतनलालने मजुरी घेतली नाही. रुपया कापडात गुंडाळताना तो थोडा वेळ घुटमळला.

“रागे भरू नका. मेणना वास उना, तव्हय समजनं, हाऊ भुरीबाईना रुपया. तिन्हा हारमा ती मधली जागा मीच सोडेल शे, करमसिंगना सांगावर. बाई दर होळीले येवावर इचारे, ‘शेठ, डाग देवाले कितला टाइम लागस?’ मी सांगू, अर्धा तास.” तो कापडाकडे पाहत होता. “आज चिठ्ठी दखी आणि मनमा म्हनं, चला, भाचा मानी गया.”

जगदीशने कापडाची पुडी हातात घेतली. अर्ध्या तासाच्या कामासाठी आपण अकरा वर्षे घेतली, हे कोणीतरी त्याला सरळ आकड्यांत सांगितले होते, आणि आकड्यांशी वाद घालण्याची त्याची रीत नव्हती.

घरी येईपर्यंत त्याने मनाशी एक निवेदन तयार केले. त्यात ‘गैरसमज’, ‘खेद’ आणि ‘नाइलाज’ हे शब्द होते. फुई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. त्याने कापड तिच्यापुढे ठेवले आणि निवेदन विसरला.

फुईने रुपया उचलला. लसणाच्या हातानेच तिने कडीवरून बोट फिरवले, पिळावरून पुन्हा एकदा फिरवले.

“लावी लई उना?”

“चुकून लागली, फुई. मी सांगितलं नव्हतं. चूक झाली.”

“चुकीमा का व्हयेना, लागनी ना.” ती हसली. “बेस दिसस.”

जगदीशला एकदम हलके वाटले. नुकसान झाले होते, पण ते कोणाच्या तरी कामी आले होते. प्रदर्शन पुढल्या वर्षीही भरेल. तो उत्साहाने म्हणाला, “तुन्हा हार लई ये. मी ओवी देस. आत्ताच.”

फुईने लसणाची पाकळी उचलली आणि सोलू लागली. दारात उभी असलेली संध्या नवऱ्याकडे पाहत राहिली.

“कोणता हार?” संध्या म्हणाली.

“फुईचा. रुपयांचा.”

“तो गया. फुलवंताना लगीनमा.”

फुलवंता म्हणजे फुईच्या मुलीची मुलगी. तिचे लग्न मागच्या होळीनंतर झाले होते. लग्नाला जगदीश गेला होता, त्याने आहेर दिला होता, आणि नवरीच्या गळ्यातले दोन रुपये भिंगाविना ओळखून त्यांची सालेही संध्याला सांगितली होती. ते कोणाच्या गळ्यातून आले होते, हे त्याने ओळखले नव्हते.

“सगळा दिला? नऊच्या नऊ?”

“मधमा खड्डा ठेवीसन कितला दिन फिरसू?” फुई शांतपणे म्हणाली. “बाया हसेत. ‘भुरी, तुन्हा दात पडना का गळामा?’ म्हणेत. तू मागला वरीसले बी पुढला वरीस सांगं. मी म्हनं, आते नको. पोरगीनी जागा जोडी लिनी, हार पुरा करी लिना.”

“मला सांगायचं होतंस ना, फुई!”

“तुले काय सांगू? दिसतंच व्हतं ना.”

“वरीस व्हयनं,” संध्या म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, आणि म्हणूनच तो त्याला अधिक लागला. “राजाना गाल तुम्ही रोज भिंग लावीसन दखतस. फुईना गळा घरमाच व्हता.”

जगदीशने मान वर केली. फुईचा गळा सुरकुतलेला होता. जिथे रुपये लोंबत, तिथे कातडीवर नऊ फिकट वर्तुळे अजून होती, आणि त्यांच्या मध्ये एक काळसर, कधीच न झाकलेली जागा. वर्षानुवर्षे नाण्यांवरच्या केसाएवढ्या रेषा शोधणाऱ्या माणसाला ती पाहायला ओट्यावर आणखी पुढे सरकावे लागले नाही.

फुईने पदराच्या टोकाची काळी दोरी सोडली, कडीतून ओवली आणि गळ्यात बांधली. रुपया बरोबर त्या काळसर जागी आला. मग ती उठली आणि होळीभोवती नाचतात तशी दोन पावले पुढे, एक मागे गेली. काहीच ऐकू आले नाही.

“वाजत नाही,” जगदीश म्हणाला.

“एकला रुपया वाजस का, बापू?” फुई पुन्हा बसली. “आसू दे. आते कोठे नाचानं शे माले?”

जगदीश आत गेला. लोखंडी कपाटाचा आवाज झाला, आणि तो लाकडी पेटी घेऊन बाहेर आला. पेटीत एकेचाळीस डब्या होत्या, दर्जानुसार लावलेल्या. त्याने सर्वांत शेवटची डबी उघडली आणि अत्यंत झिजलेला रुपया फुईपुढे धरला.

“हा घे. जोडीला.”

फुईने तो घेतला आणि ओट्याच्या दगडावर आपटला.

“फुई! नुसतं बघ ना!”

“दखीसन आवाज कसा समजी?” तिने कान तिरका केला. “हाऊ भलता बोलस. भांडकुदळ शे. दुसरा दे.”

जगदीशने दुसरा दिला. तो दगडावर वाजला आणि तीन उड्या मारून पायरीखाली गेला. संध्याने तो उचलून आणला. “हाऊ रडस,” फुई म्हणाली. तिसऱ्याचा आवाज चांगला होता, पण गळ्यातल्याशी जुळत नव्हता. ते तपासण्यासाठी फुईने दोन्ही रुपये एकमेकांवर आपटून पाहिले. पहिल्या काही नाण्यांना जगदीशने डोळे मिटले होते. सहाव्यापासून त्याने ते मिटणे सोडले आणि आवाज ऐकू लागला. नवव्याला तर तो स्वतःच म्हणाला, “हा नको, फुई, जड आहे,” आणि फुईने मान डोलावली.

अशी एकवीस नाणी झाली. फुईने त्यांतली दोन बाजूला काढली होती.

“चार पाहिजेत,” ती म्हणाली. “दोन इकडं, दोन तिकडं.”

जगदीशचा हात पेटीच्या पहिल्या ओळीवर थांबला. तिथे त्याचा उरलेला सर्वोत्तम रुपया होता. तीन वर्षांपूर्वी दूरच्या एका विक्रेत्याकडून तो टपालाने मागवलेला होता. त्या नाण्याच्या निर्दोष पृष्ठभागाची जगदीशने वहीची दोन पाने भरून नोंद केली होती, आणि रतनलालच्या दुकानातून परतताना, फुईच्या रुपयाऐवजी आता अर्जात हाच लिहावा, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला होता. त्याने डबीवरचा अंगठा काढला, पुन्हा ठेवला. मग डबी उघडली आणि रुपया फुईच्या तळहातावर ठेवला.

फुईने तो दगडावर टाकला.

आवाज आला तो पत्र्याच्या झाकणासारखा. नाणे उडालेसुद्धा नाही, पडल्या जागी बसले.

फुईने जन्मभर रुपये वाजवून घेतले होते. खऱ्या चांदीचा आवाज तिला झोपेतही समजला असता. हा रुपया चांदीचा नव्हताच, हे जगदीशलाही या क्षणी समजले. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि फुईची नजर नाण्यावरून त्या चेहऱ्याकडे गेली आणि तिथे थोडा वेळ थांबली.

तिने नाणे उचलले, पदराने पुसले आणि जपून त्याच्या डबीत ठेवले.

“हाऊ दगडच बेस नही,” ती म्हणाली. “दुसरा दे.”

जगदीशने दुसरा दिला. तो त्याच दगडावर खणखणीत वाजला. फुईने तो तिसरा म्हणून बाजूला ठेवला.